साताचे सहा

मुदखेडची फुले आज नांदेडच्या आणि हैदराबादच्या बाजारात जातात. हैदराबादचा व्यापारी मोबाइलवरून पैसे टाकतो आणि इकडे मळ्यात उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या फोनवर टुणकन आवाज होतो. तिकडून हजार निघाले की इकडे हजार पोचतात. यात सांगण्यासारखे काय, असे वाटेल. पण याच मुदखेड जंक्शनवर ऐंशी वर्षांपूर्वी उतरलेल्या माणसाला खिशातला रुपया बाहेर काढण्याआधी तो कोणता आहे हे पाहावे लागे. तो हाली की कलदार, यावर त्याची किंमत ठरत असे. दोन्हींना रुपया म्हणत, दोन्हींचे सोळा आणे होत, दोन्ही चांदीचे होते. तरी सात हाली दिले तर सहा कलदार मिळत.

मराठवाडा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे नाणे वेगळे होते. 'हाली' म्हणजे सध्या चालू असलेले. सरकारी कागदांत पुढे त्याला 'उस्मानिया सिक्का' म्हणू लागले, इंग्रजीत त्याचे झाले 'ओ.एस.'. 'कलदार' म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया. कळ म्हणजे यंत्र, आणि यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. या दोन रुपयांमधल्या दराची गोष्ट जवळजवळ शंभर वर्षांची आहे. निजामाच्या हुकमाने चालणाऱ्या मुलखात हा एक आकडा मात्र त्याच्या हुकमाबाहेरच राहिला, म्हणून ती सांगायची.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैदराबाद संस्थानात एक नाणे असे नव्हतेच. टाकसाळी ठिकठिकाणी होत्या. काही सरकारच्या, काही जमीनदारांच्या, काही सावकारांनी मक्त्याने घेतलेल्या. गोविंदबक्षी रुपया वेगळा, गदवालचा वेगळा, नारायणपेठचा वेगळा. मराठी मुलखातून अंकुशी आणि चांदवडी यायचे ते आणखी निराळे. प्रत्येकाचे वजन वेगळे, चांदीचा कस वेगळा. त्यामुळे बाजारात सराफाचे राज्य. तो रुपया दगडावर आपटून नाद ऐके, कडा चाचपून पाही, तराजूत टाकी आणि मग सांगे, याला इतका बट्टा. आपण आज एखाद्याच्या नावाला बट्टा लागला म्हणतो, तो शब्द याच सराफी पेढीवरून आला. झिजलेल्या किंवा परमुलखातल्या नाण्यावर जी कपात होई ती बट्टा. एका गावाहून दुसऱ्या गावी हुंडीने पैसा पाठवायचा तर हुंडणावळ द्यायची, आणि ती दोन गावांतल्या नाण्यांचा भाव पाहून ठरायची. शेतकरी सारा एका नाण्यात भरी, कर्ज दुसऱ्यात फेडी, आणि मधला बट्टा दोन्ही वेळी त्याच्याच अंगावर.

ब्रिटिशांनी आपल्या मुलखातला हा गोंधळ १८३५ मध्ये मोडला. सगळीकडे एकच रुपया, वजन बरोबर एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन किंवा ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. हा कलदार इतका एकसारखा होता की सोनार तो वजनाचे माप म्हणून वापरत. हैदराबादेत तसे काही व्हायला आणखी वीस वर्षे लागली, आणि तेही तिजोरी रिकामी झाल्यावर. इंग्रजांच्या हाताखालच्या 'हैदराबाद कंटिंजंट' फौजेचा खर्च थकत गेला, कर्ज साचले आणि १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावे लागले. त्याच वर्षी तरुण सालारजंग दिवाण झाले. त्यांनी तीस वर्षे कारभार केला. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या टाकसाळी बंद करून नाणे हैदराबादेत एका जागी पाडायला सुरुवात करणे, हे त्यांच्या सुधारणांपैकी सर्वसामान्य माणसाच्या कमरेच्या कशापर्यंत पोचलेले काम. १८५७ पर्यंत निजामाचे नाणे दिल्लीच्या बादशहाच्या नावाने निघे. बादशाही गेली आणि नाण्यावर आसफजाहचे नाव आले. हाली रुपया रुजला तो इथून.

वऱ्हाड गेल्यामुळे मुदखेडच्या परिसराला एक सीमा मिळाली. पैनगंगेच्या अलीकडे हदगाव, पलीकडे उमरखेड. अलीकडे हाली, पलीकडे कलदार. दोन्ही काठांवर मराठी बोलणारी माणसे, सोयरीक एकमेकांत. नदी ओलांडली की भाषा बदलत नसे, रुपया बदलत असे.

आता दराकडे यायचे तर आधी चांदीकडे यावे लागते. दोन्ही रुपये चांदीचे असल्यामुळे सुरुवातीला त्यांच्यातला भाव हा मुख्यतः त्यांच्यात चांदी किती, यावर ठरे. पण १८७० नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली. जर्मनीने चांदीचे चलन सोडून सोन्याचे धरले, अमेरिकेच्या खाणींतून चांदीचे लोंढे निघाले. दोन शिलिंगांच्या आसपास असलेला कलदार रुपया घसरत घसरत सव्वा शिलिंगापाशी आला. लंडनला दरवर्षी पौंडांत पैसे पाठवावे लागणाऱ्या हिंदुस्थान सरकारला ते परवडेना. जून १८९३ मध्ये सरकारने टाकसाळी लोकांसाठी बंद केल्या. तोवर कोणीही चांदी नेऊन देऊन रुपये पाडून घेऊ शकत होता, आता ते थांबले. रुपये कमी पडू लागले, म्हणून महाग झाले, आणि काही वर्षांत कलदार एक शिलिंग चार पेन्सवर नेऊन ठेवण्यात आला. पंधरा कलदारांना एक पौंड.

हालीचे मात्र हाल झाले. कलदार चांदीच्या भावापासून सुटला आणि हाली तिच्याबरोबर खाली जात राहिला. चार दशके शेजारी नांदलेली दोन नाणी एकमेकांपासून लांब गेली. भाव रोज हलू लागला. त्यातच १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ पडला. जुनी माणसे त्याला 'छप्पन्नचा काळ' म्हणत, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ चालू होता. धान्य बाहेरून आणायचे, आणि बाहेरचा व्यापारी कलदारच मागणार. ज्या वेळी माणसाला सर्वांत जास्त विकत घ्यावे लागत होते, नेमका त्याच वेळी त्याचा रुपया सर्वांत हलका.

दुष्काळाच्या त्याच वर्षांत इथे रेल्वे येत होती. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, मुदखेड करत सिकंदराबादेला जाणारी गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाइन १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाली. लांबी ३९१ मैल. तिचे मनमाडचे टोक ब्रिटिश मुलखात आणि उरलेला पसारा बव्हंशी निजामाच्या राज्यात. पुढे मुदखेडहून आदिलाबादच्या बाजूला फाटा निघाला आणि गाव जंक्शन झाले. मराठवाड्याचा कापूस बैलगाडीने सीमेवर पोचायला आठवडे लागत, तो आता दोन दिवसांत मुंबईच्या वाटेला लागू लागला. त्याबरोबर कापसाचा पैसाही वेगाने धावू लागला, आणि ज्या नाण्याचा भाव रोज बदलतो त्या नाण्यात वेगाने धावणारा व्यापार करता येत नाही. रेल्वेने मुदखेडला मुंबई जवळ आणली, तशी तिने हालीला कलदारच्या दाव्याला बांधले.

हे बांधायचे काम १९०१ नंतर हैदराबादच्या अर्थखात्यात आलेल्या जॉर्ज कॅसन वॉकर या इंग्रज अधिकाऱ्याच्या काळात झाले. सैफाबादेत नवी टाकसाळ उभी राहिली, यंत्रे आली. १९०३-०४ पासून नवे नाणे निघाले. त्याच्या एका बाजूला चारमिनार. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळात त्या चारमिनारच्या कमानीत 'मीम' हे अक्षर असे. १९११ मध्ये उस्मान अली खान गादीवर आले आणि कमानीत 'ऐन' आला. वाचता न येणाऱ्यालाही कलदारवरचा राजा आणि हालीवरचा चारमिनार यांत घोटाळा होत नसे. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयाला आपल्याकडे आजही राणीछाप म्हणतात, आणि तो कित्येक घरांत पेटीच्या तळाशी आहे.

या नव्या हालीचे वजन ११.१८ ग्रॅम होते आणि त्यात चांदी शेकडा ८१.८. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. कलदारमध्ये ती सुमारे १०.६९ ग्रॅम. भागाकार करून पाहा, १.१७ येतात. पुढे जो दर रुळला तो शंभर कलदारांना ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै. म्हणजे ११६ पूर्णांक दोन तृतीयांश. म्हणजे सहाला सात. दर कोणा अधिकाऱ्याने हवेतून काढला नव्हता. तो दोन नाण्यांच्या पोटातच होता. सरकारने केले ते एवढेच की नाणे पाडण्याचा मक्ता स्वतःकडे ठेवला, बाजारात हाली जास्त झाला की आवरला, कमी पडला की सोडला, आणि भाव त्या आकड्याच्या फार वर वा फार खाली जाऊ दिला नाही.

फार जाऊ दिला नाही, पण थोडा जाईच. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की मुंबईचे दलाल, मारवाडी आणि कच्छी व्यापारी कलदार घेऊन येत. शेतकऱ्याला हाली हवा, कारण सारा हालीत भरायचा. त्यामुळे हंगामात हालीला मागणी वाढे आणि तो वर चढे. हंगाम सरला, लोक कापड, मीठ, लोखंड, घासलेट घेऊ लागले की पैसा बाहेर जाई आणि कलदार चढे. ज्याच्याकडे थांबायची ऐपत होती तो या चढउतारावर कमाई करी. सावकाराला थांबता येई, कुणब्याला येत नसे. कुणबी हंगामात विकतो आणि पावसाळ्यात घेतो. गणित सगळ्यांना सारखेच येत होते हो, फरक थांबण्याच्या ताकदीचा होता.

आणि गणित खरेच सगळ्यांना येत होते. सातास सहाचा पाढा आमच्या भागातल्या जुन्या माणसांच्या जिभेवर होता. एका कलदार आण्याचे हालीत किती? बारा पैंचा आणा, त्याचे सात षष्ठांश म्हणजे चौदा पै. एक आणा दोन पै. हालीत दोन पैचे तांब्याचे नाणे होतेच. त्यामुळे कलदार आणा मोडायचा तर एक हाली आणा आणि वर हा एक तांब्याचा तुकडा द्यायचा, हिशेब चोख. सहा कलदार आण्यांना सात हाली आणे. अपूर्णांक फारसा उरतच नसे. मनमाडहून आलेल्या पाहुण्याला मात्र पहिले दोन दिवस दुकानदार आपल्याला फसवतोय असेच वाटत असणार.

या दराचा स्वभाव कळायला हिशेबाच्या वहीपेक्षा माणसांच्या वाटा पाहाव्यात. मुंबईच्या गिरणीत गेलेला मुलगा घरी साठ रुपये पाठवी, गावात ते सत्तर होत. घरच्यांना दहा रुपये वर मिळाल्याचा आनंद. तोच मुलगा गावाहून सत्तर घेऊन परत निघाला की दादरला उतरेपर्यंत त्याचे साठ झालेले. तुळजापूर निजामाच्या राज्यात, तिथे आईची ओटी हालीत भरता येई. पंढरपूर ब्रिटिशांच्या सोलापूर जिल्ह्यात, तिथे विठोबापाशी जायचे तर कलदार गाठीला बांधायचा. एकाच वारकऱ्याच्या घरात दोन देवांना दोन चलने. उलट पंजाबहून नांदेडच्या हुजूरसाहिबला येणारा शीख यात्रेकरू कलदार घेऊन यायचा आणि त्याचे सहाचे सात व्हायचे. पुण्याला किंवा नागपूरला शिकायला गेलेल्या मुलाच्या बापाला मात्र सहाचा खर्च भागवायला घरून सात काढावे लागत. सीमेवर करोडगिरीचे नाके होते, तिथे मालावर शेकडा पाचच्या हिशेबाने जकात लागे. पण करोडगिरीचा शिपाई दिसत होता, त्याच्याशी हुज्जत घालता येत होती. दर दिसत नसतो.

नोटा आल्या त्या पहिल्या महायुद्धामुळे. संस्थानांनी कागदी चलन काढावे हे ब्रिटिशांना मुळीच पसंत नव्हते. पण युद्धात चांदीची भयंकर टंचाई झाली, आणि निजामाने युद्धाला मदतही भरघोस केली होती. १९१८ मध्ये परवानगी मिळाली. आधी दहा आणि शंभराच्या नोटा, मग १९१९ मध्ये एक आणि पाचाच्या, १९२६ मध्ये हजाराची. त्या लंडनच्या वॉटरलो कंपनीत छापून येत, पुढे नाशिकचा छापखाना निघाल्यावर तिथे छापल्या जाऊ लागल्या. निजामाच्या नोटा नाशकात! त्यांवर उर्दूबरोबर तेलुगू, कन्नड आणि मराठीतही रक्कम लिहिलेली असे. ज्या सुमारास उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघत होते आणि मराठवाड्यातली मुले वरच्या वर्गांत उर्दूतून शिकत होती, त्याच सुमारास सरकार पैसा मात्र प्रजेच्या भाषेत लिहून देत होते. पैशाच्या बाबतीत गैरसमज नको, एवढे सरकारला कळत होते.

१९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली आणि १९४२ मध्ये तिचे काम सुरू झाले. हाली सांभाळणे आणि मागेल त्याला ठरल्या दराने कलदार करून देणे, ही तिच्याकडची मोठी जबाबदारी. तोवर दोन्ही रुपयांतली चांदीची गोष्ट संपत आली होती. १९४० मध्ये ब्रिटिशांनी कलदारमधली चांदी निम्म्यावर आणली, १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. ज्या धातूच्या हिशेबावर सहास सात आले तो हिशेब उरला नाही, दर मात्र तसाच राहिला. आता तो चांदीच्या नव्हे तर विश्वासाच्या जोरावर उभा होता, आणि तो विश्वास हैदराबादइतकाच मुंबई-दिल्लीच्या बाजारावर टेकलेला होता. संस्थानाची मोठी शिल्लकसुद्धा हिंदुस्थान सरकारच्या कर्जरोख्यांत गुंतवलेली होती.

१९४७ मध्ये हे सगळे विसरून जायचे ठरले. १५ ऑगस्टला निजाम भारतात सामील झाला नाही. २९ नोव्हेंबरला 'जैसे थे' करार झाला. नंतरच्या काही आठवड्यांत हैदराबाद सरकारने एकामागोमाग दोन वटहुकूम काढले. पहिल्याने सोन्याचांदीची भारतात निर्यात रोखली. दुसऱ्याने भारताचे चलन संस्थानात कायदेशीर राहणार नाही असे जाहीर केले. संस्थानांच्या विलीनीकरणावरच्या आपल्या पुस्तकात व्ही. पी. मेनन यांनी या दोन्हींची नोंद केली आहे. त्याच सुमारास संस्थानाचे पंतप्रधान लायक अली यांच्या सरकारने पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज दिल्याचे उघड झाले, आणि तेही भारत सरकारच्याच कर्जरोख्यांच्या रूपात. दिल्लीने हा कराराचा भंग मानला, आणि पुढची सगळी बोलणी या कडवटपणात झाली.

चलनाच्या वटहुकमाचा हेतू सरळ होता. स्वतंत्र राष्ट्राचे चलन स्वतंत्र असते, तर शेजाऱ्याचे चलन आपल्या बाजारात कशाला? पण मुदखेडच्या स्टेशनावर उभे राहून पाहिले तर यातला वेडेपणा दिसतो. कापूस मुंबईला जाणार, कापड तिकडूनच येणार, आगगाडीचे एक टोक भारतात, चारही बाजूंना भारत, समुद्र कुठे नाही. अशा मुलखात कलदार बेकायदा ठरवला तर तो नाहीसा होत नाही, तो कोठीत जातो. हातातल्या हालीवरचा विश्वास मात्र कमी होतो, कारण त्याची किंमत त्याच्या बदल्यात कलदार मिळतो यातच होती. चाळीस वर्षे सांभाळलेल्या दराच्या मुळावर घाव घातला तो त्याच्या मालकानेच.

याच महिन्यांतली एक घटना मुदखेडच्या पुढे त्याच लोहमार्गावर असलेल्या उमरीची. ३० जानेवारी १९४८ रोजी, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, पैनगंगेपलीकडच्या उमरखेड केंद्रातल्या स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीच्या बँकेवर हल्ला करून खजिना नेला. रक्कम वीस लाखांच्या घरातली सांगतात. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यातली ही गाजलेली कारवाई, आणि तिच्यावर शौर्याच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. हल्ला करायला जागा निवडली ती बँक. निजामाची ताकद फौजेत आणि रझाकारांत होती तशी तिजोरीतही होती, आणि ही तिजोरी नदीपलीकडे नेली की तिची किंमत सहास सातच्या हिशेबाने मोजावी लागणार, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असणारच.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. निशाण एका दिवसात बदलले. रुपया मात्र बदलायला काही वर्षे गेली, आणि तो शहाणपणा होता. लाखो लोकांची कर्जे, पगार, सारा, खरेदीखते हालीत होती. ती एका रात्रीत रद्द केली असती तर मुक्तीचा पहिला अनुभव लुबाडणुकीचा ठरला असता. म्हणून हाली आणि भारतीय रुपया काही काळ शेजारी चालले, दर तोच, सहास सात. सरकारी कागदांवर हालीसाठी 'ओ.एस.' आणि भारतीय रुपयासाठी 'आय.जी.' अशी अक्षरे रकमेपुढे येऊ लागली, आणि त्या काळातल्या जमिनीच्या दाव्यांत ती आजही भेटतात. पुढे हाली हळूहळू मागे घेत गेले आणि १९५९ पर्यंत तो चलनातून पूर्ण बाद झाला.

या बदलात कोणाचे काय झाले? कागदावर कोणाचेच काही नाही. सत्तर हाली पगाराच्या कारकुनाला साठ मिळाले, किंमत तीच. पण पगाराचा आकडा उतरताना घरात जे वाटते ते किंमत तीच असल्याने थांबत नाही. आणि बाजारात आकडे इतक्या आज्ञाधारकपणे उतरत नाहीत. हालीत एक आण्याला मिळणारी वस्तू नव्या चलनातही एक आण्यालाच राहिली, तर ती सोळा टक्क्यांहून जास्त महाग झाली. लहान व्यवहारांत हे कोणाच्या लक्षातही येत नसे, आणि लहान व्यवहार तर गरिबाचेच. त्यातून सावरतात न सावरतात तोच १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, आण्याचे सव्वासहा पैसे करायची वेळ आली. त्याआधी १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेला होता. दहा वर्षांच्या आत मुदखेडच्या किराणा दुकानदाराने राज्य दोनदा आणि हिशेबाची रीत दोनदा बदललेली पाहिली. त्याच्या हातचा ताळा चुकला नाही, हे मला त्या काळातले एक न नोंदलेले आश्चर्य वाटते.

बँकेचे नाव जास्त टिकले. हैदराबाद स्टेट बँक १९५६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या मालकीची झाली, तिचे नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाले, आणि १ एप्रिल २०१७ ला ती स्टेट बँकेत विलीन होईपर्यंत नांदेड-परभणीकडची माणसे पीककर्ज काढायला 'हैदराबाद बँकेत' जात होती.

टाकसाळही थांबली नाही. चारमिनारचे नाणे पाडणारी ती हैदराबादची टाकसाळ १९५० मध्ये भारत सरकारने ताब्यात घेतली आणि तिथे भारताची नाणी पडू लागली. टाकसाळीची जागा पुढे बदलली, पण तिथे पाडलेल्या नाण्याची खूण आहे. मुदखेड स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर सुटे परत मिळाले की एखादे नाणे उलटून पाहा. सालाच्या आकड्याखाली बारीकशी चांदणी असेल तर ते हैदराबादहून आलेले आहे.